पारितोषिकानंतरची पहिली तीन वर्षे: तरुण पियानोवादकासाठी मार्गदर्शन

आंतरराष्ट्रीय पियानो स्पर्धांचे निकाल बहुधा रात्री उशिरा जाहीर होतात आणि त्यानंतरच्या तासाभरात अठरा-वीस वर्षांच्या विजेत्याच्या हातात पुष्पगुच्छ, अनोळखी माणसांची कार्डे आणि सहीसाठी पुढे केलेले कागद असे सगळे एकदमच येऊन पडते. इथवर पोहोचण्यासाठी काय करायचे हे गुरूंनी त्याला दहा-बारा वर्षे शिकवलेले असते. इथून पुढे काय करायचे हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. हा लेख त्या पुढच्या दोन-तीन वर्षांसाठी आहे. तो विजेत्याला उद्देशून लिहिला आहे. पण वादक वयाने लहान असेल तर पालकांनी आणि गुरूंनीही तो वाचावा, कारण या काळातले बरेच निर्णय तिघांनी मिळून घ्यायचे असतात.

पारितोषिक तुम्हाला एखाद्या सभागृहाचे पहिले आमंत्रण मिळवून देते. त्याच सभागृहाचे दुसरे आमंत्रण पारितोषिकामुळे येत नाही. पहिल्या संध्याकाळी तुम्ही कसे वाजवलेत, तालमीत कसे वागलात आणि दोन वर्षांनी नवे काय घेऊन येऊ शकता, यावर ते ठरते. शिवाय वेळही मोजकाच असतो. वॉर्साची शोपँ स्पर्धा दर पाच वर्षांनी, फोर्ट वर्थची व्हॅन क्लायबर्न स्पर्धा दर चार वर्षांनी आणि लीड्सची स्पर्धा साधारण तीन वर्षांनी भरते. नवा विजेता आला की आयोजकांचे लक्ष साहजिकच त्याच्याकडे वळते. म्हणून पुढील सर्व सूचना दुसरे आमंत्रण नजरेसमोर ठेवूनच केल्या आहेत.

पहिला आठवडा

पहिल्या आठवड्यात कशावरही सही करू नका. स्पर्धेत उतरताना ज्या नियमपत्रिकेला तुम्ही मान्यता दिली होती, ती शांतपणे बसून पुन्हा वाचा, कारण स्पर्धेच्या धावपळीत तिची शेवटची पाने कोणीच नीट वाचलेली नसतात. पारितोषिकाच्या रकमेखेरीज त्यात आणखी बरेच असते: किती कार्यक्रम करणे बंधनकारक आहे, त्यांचे मानधन वेगळे मिळणार की रकमेतच धरलेले आहे, अंतिम फेरीच्या ध्वनिमुद्रणाचे हक्क कोणाकडे आहेत आणि ठरावीक काळात दुसऱ्या स्पर्धेत भाग घेण्यास मनाई आहे का. 2022 साली क्लायबर्न स्पर्धेच्या पहिल्या पारितोषिकात 1,00,000 डॉलर होते आणि त्याबरोबर तीन वर्षांचे कारकीर्द-व्यवस्थापनही होते. 2021 च्या शोपँ स्पर्धेत पहिले पारितोषिक 40,000 युरोचे होते. आकड्यांनी डोळे दिपतात, हे खरे. परंतु माझ्या मते या दोन्हींत अधिक मोलाची गोष्ट रकमेबरोबर येणारे कार्यक्रम आणि ते नीट आखणारी माणसे हीच आहे. रक्कम आली की तिच्यातून निदान एक वर्षाचा राहण्याचा, शिकण्याचा आणि चांगल्या वाद्यावर सराव करण्याचा खर्च बाजूला काढून ठेवा, म्हणजे पुढे एखादे न झेपणारे आमंत्रण केवळ पैशासाठी स्वीकारण्याची वेळ येणार नाही.

याच आठवड्यात एक कोरी वही घ्या. तिचा उपयोग पुढे सांगतो.

किती कार्यक्रम घ्यावेत

वाद्यवृंदाबरोबरचा एक कार्यक्रम म्हणजे एक संध्याकाळ, असा नवख्याचा हिशोब असतो. प्रत्यक्षात प्रवासाचा दिवस, कंडक्टरबरोबरची (वाद्यवृंदाच्या संचालकाबरोबरची) बैठक, एक किंवा दोन तालमी, रंगीत तालीम, मग एक ते तीन प्रयोग आणि परतीचा प्रवास असे मिळून चार-पाच दिवस सहज जातात. चाळीस आमंत्रणे स्वीकारली तर वर्षातले दीडशेहून अधिक दिवस गेले, आणि उरलेल्या दिवसांत थकवा, वेळेच्या फरकामुळे बिघडलेली झोप व पुढच्या कार्यक्रमाची उजळणी. नवी रचना बसवायला त्यात जागाच राहत नाही. स्पर्धेसाठी तयार केलेल्या रचनांवर पहिले वर्ष निघते, दुसरे वर्ष कसेबसे निघते, आणि तिसऱ्या वर्षी जुने आयोजक नवे काय आहे असे विचारतात तेव्हा उत्तर नसते. होतकरू वादक मागे पडतात ते बहुतेक वेळा याच कारणाने, असे मला वाटते.

म्हणून कॅलेंडर भरण्याआधी त्यात रिकाम्या जागा कोरून ठेवा. वर्षातून दोनदा सलग पाच-सहा आठवडे एकही कार्यक्रम घेऊ नये आणि हे आठवडे व्यवस्थापकाला पहिल्याच दिवशी कळवावेत. नंतर त्यातला एखादा दिवस मागण्यासाठी फार मोठ्या नावाचे पत्र आले तरी नकार देण्याची तयारी ठेवावी; नकार सभ्यपणे, लवकर आणि पर्यायी तारीख सुचवून दिला, तर आयोजक सहसा दुखावत नाहीत. होकार देऊन आठवडाभर आधी माघार घेतली, तर मात्र ते लक्षात ठेवतात.

या बाबतीत माउरित्सिओ पोल्लिनी यांचे उदाहरण नेहमी दिले जाते आणि ते समजून घेण्यासारखे आहे. 1960 मध्ये वयाच्या अठराव्या वर्षी त्यांनी शोपँ स्पर्धा जिंकली, त्यानंतर शोपँचा ई मायनर कॉन्चेर्तो (एकल वादक आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना) ध्वनिमुद्रित केला आणि मग मैफिलींचा ओघ समोर असतानाही ते बरेचसे मागे सरले. काही काळ ते आर्तुरो बेनेदेत्ती मिकेलांजेली यांच्याकडे शिकले, इतर रचनांचा अभ्यास केला, आणि 1960 चे दशक संपता संपता पूर्ण तयारीने पुन्हा मोठ्या व्यासपीठांवर दिसू लागले. त्यानंतर 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला स्ट्राव्हिन्स्की आणि प्रोकोफिएव्ह यांच्या रचनांची त्यांनी जी मुद्रणे केली, त्यांत शोपँच्या पारितोषिकाचा विजेता एवढी एकच ओळख उरलेली नव्हती. मार्था आर्गेरिच यांनी 1957 मध्ये, सोळाव्या वर्षी, जिनिव्हा आणि बोल्झानोची बुसोनी अशा दोन स्पर्धा एकाच वर्षी जिंकल्या. मग मध्ये काही काळ त्या वाजवण्यापासूनच दूर गेल्या, आणि 1965 मध्ये वॉर्साला जाऊन शोपँ स्पर्धा जिंकून परतल्या.

सगळ्यांनाच इतकी वर्षे थांबणे परवडत नाही, आणि तसा आग्रहही मी धरणार नाही. घरभाडे भरायचे असते, आणि रंगमंचावरच शिकता येतील अशाही पुष्कळ गोष्टी असतात. पण पूर्ण थांबणे आणि मिळेल ते घेणे यांच्या मधली वाट नक्कीच आहे. युंचान लिम यांनी 2022 मध्ये अठराव्या वर्षी क्लायबर्न स्पर्धा जिंकली, त्या स्पर्धेच्या इतिहासातले ते सर्वांत तरुण विजेते ठरले, तरी त्यांनी आपले गुरू मिनसू सोन यांच्याकडचे शिक्षण सोडले नाही. गुरू बॉस्टनला शिकवायला गेले तेव्हा तेही तेथे गेले. कार्यक्रम चालू ठेवूनही दर काही आठवड्यांनी एका विश्वासू कानासमोर बसणे शक्य असते. पारितोषिकानंतर गुरूंकडे जाणे कमी होते ते बहुधा संकोचामुळे. जगाने ज्याची वाहवा केली आहे त्याला पुन्हा पहिल्या ओळीवर अडवून घ्यायला जड जाते. म्हणून ठरावीक दिवस आधीच बांधून घ्यावेत.

रचनांची तीन रकान्यांची यादी

आता वही उघडा आणि तुम्हाला येत असलेल्या सर्व कॉन्चेर्तोंची आणि एकल मैफलीच्या रचनांची यादी तीन रकान्यांत लिहा. पहिल्या रकान्यात दोन दिवसांच्या सूचनेवर वाजवता येईल ते, दुसऱ्यात तीन आठवडे मिळाले तर वाजवता येईल ते, आणि तिसऱ्यात तीन-चार महिने लागतील ते. लिहिताना स्वतःशी प्रामाणिक राहा. दोन वर्षांपूर्वी एकदा वाजवलेला ब्राम्सचा कॉन्चेर्तो पहिल्या रकान्यात बसत नाही, तो दुसऱ्यातही कष्टानेच बसतो. आमंत्रण देणाऱ्याला आणि व्यवस्थापकाला हीच यादी द्या आणि दर तीन महिन्यांनी ती नव्याने करा.

पहिल्या रकान्यात सतत निदान चार कॉन्चेर्तो असावेत, आणि त्यांची निवड विचारपूर्वक करावी. सर्वच भव्य, रशियन आणि ऐन भरातले असतील तर लहान वाद्यवृंद तुम्हाला बोलावू शकणार नाहीत, कारण त्यांच्याकडे तितके वादक नसतात. मोझार्टचा एक कॉन्चेर्तो लहान वाद्यवृंदासाठी, बीथोव्हनचा एक, शोपँ, शूमान किंवा ग्रीग यांच्यापैकी एक, आणि मोठ्या पल्ल्याचा एखादा राखमानिनॉव, चायकोव्हस्की किंवा प्रोकोफिएव्ह, अशी मांडणी बहुतेकांना उपयोगी पडते. त्यात विसाव्या शतकातला, फारसा न वाजणारा एखादा असेल तर आणखी चांगले, कारण तो वाजवू शकणारे मोजकेच असतात आणि संयोजक शोधत आला की त्याच्यासमोर नावे कमी असतात.

पहिल्या रकान्याचे महत्त्व किती, हे पुढील घटनांवरून दिसेल. जानेवारी 1963 मध्ये न्यू यॉर्क फिलहार्मोनिकबरोबर पियानोवादक ग्लेन गूल्ड आजारपणामुळे वाजवू शकले नाहीत, तेव्हा कंडक्टर लेनर्ड बर्नस्टाइन यांनी सोळा वर्षांच्या आंद्रे वॉट्स यांना बोलावले. वॉट्स यांनी लिस्टचा पहिला कॉन्चेर्तो वाजवला, आणि तो त्यांनी त्याच बर्नस्टाइन यांच्याबरोबर, त्याच वाद्यवृंदाच्या तरुण श्रोत्यांसाठीच्या कार्यक्रमात, काही दिवसांपूर्वीच वाजवलेला होता. पुढे 1999 मध्ये शिकागोजवळच्या रॅव्हिनिया महोत्सवात स्वतः वॉट्स आजारी पडले, आणि सतरा वर्षांच्या लांग लांग यांनी ऐनवेळी शिकागो सिंफनीबरोबर चायकोव्हस्कीचा पहिला कॉन्चेर्तो वाजवला. 2017 मध्ये लांग लांग यांच्या डाव्या हाताला दुखणे झाले, तेव्हा बर्लिन फिलहार्मोनिकबरोबर सायमन रॅटल यांच्या संचालनाखाली रावेलचा जी मेजर कॉन्चेर्तो वाजवण्यासाठी 2015 चे शोपँ स्पर्धा-विजेते सोंग-जिन चो आले. एकाच्या जागी दुसरा, दुसऱ्याच्या जागी तिसरा अशी ही 54 वर्षांची साखळी आहे. यातल्या प्रत्येकाच्या नशिबाची चर्चा होते. मला त्यात दिसते ती तयारी. दूरध्वनी आला त्या क्षणी ती रचना बोटांत होती आणि कपडे, पासपोर्ट, प्रवास यांसाठी धावणारे कोणीतरी जवळ होते.

बदली वादक म्हणून जाण्याचे बोलावणे आले तर एकच प्रश्न स्वतःला विचारा: ही रचना पहिल्या रकान्यात आहे का? नसेल तर नाही म्हणा, समोर कितीही मोठे नाव असले तरी. मोठ्या वाद्यवृंदासमोर अर्धवट तयारीने वाजवलेली एक संध्याकाळ भरून काढायला पुष्कळ वर्षे लागतात.

एकल मैफलीच्या बाबतीत दर वर्षी एकच नवा पूर्ण कार्यक्रम पुरेसा असतो, पण तो खरोखर नवा असावा. आणि मुख्य कार्यक्रमानंतर टाळ्या थांबल्या नाहीत तर वाजवण्याच्या रचनाही तयार असाव्यात. आपल्याकडे वन्स मोअर म्हटले की तेच पद पुन्हा गायले जाते. इथे मात्र वेगळी, लहानशी रचना वाजवायची असते. अशा तीन-चार रचना हाताशी ठेवा, त्यांतली निदान एक संथ असू द्या, आणि दमलेल्या हातांनीही स्वच्छ वाजेल अशीच निवडा.

कार्यक्रमाच्या दिवशीचा पियानो

व्हायोलिनवादक आपले वाद्य सोबत नेतो. पियानोवादकाला सभागृहात जे उभे असेल त्यावर वाजवावे लागते. क्रिस्तियान झिमरमन यांच्यासारखे स्वतःचा पियानो घेऊन फिरणारे विरळा, आणि पहिल्या वर्षांत तो पर्याय कोणालाच नसतो. म्हणून अनोळखी वाद्याशी तासाभरात ओळख करून घेण्याची पद्धत बसवणे हा तुमच्या नव्या आयुष्यातला एक मोठा अभ्यास आहे, आणि स्पर्धेच्या तयारीत तो फारसा होत नाही.

मैफलीच्या पियानोची लांबी साधारण पावणेतीन मीटर असते आणि बाहेरून सगळे सारखेच काळे व चकचकीत दिसतात. पट्टीखालचे वजन, हातोड्यांवरच्या नमद्याचा कठीणपणा, पेडल कुठून धरू लागते, ही सगळी मात्र प्रत्येक वाद्याची वेगळी असतात. एका तरुण वादकाच्या मैफलीत मी पाने उलटण्यासाठी बसलो होतो. सरावाला मिळालेला तास त्याने लिस्टच्या सोनाट्यातल्या सर्वांत जोरकस जागा पुन्हा पुन्हा वाजवण्यात घालवला, आणि रात्री पहिल्याच हळुवार ओळीत त्याच्या ध्यानात आले की आवाज मऊ करणारे डावे पेडल दाबताना बारीक कुरकुरते आहे. सभागृह शांत होते, तो आवाज पहिल्या रांगेपर्यंत नक्की पोहोचत होता, आणि तंत्रज्ञ केव्हाच घरी गेला होता. उरलेली मैफल त्याने डाव्या पेडलशिवाय वाजवली. छान वाजवली, पण त्याच्या खांद्यांत आलेला ताण मला शेजारून दिसत होता.

म्हणून मिळालेल्या तासाची विभागणी अशी करा. बसल्याबरोबर आधी बैठकीची उंची ठरवा आणि ती लक्षात ठेवा. मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 88 पट्ट्या, काळ्या-पांढऱ्या सगळ्या, एकेक करून अगदी हळू आवाजात वाजवा. जी पट्टी इतरांपेक्षा तीक्ष्ण बोलते किंवा हळू दाबल्यावर मुकी राहते, ती इथेच सापडते. त्यानंतर एकाच पट्टीवर जलद पुनरावृत्ती करून पाहा. उजवे पेडल अगदी सावकाश दाबा आणि स्वर नेमका कुठे रेंगाळू लागतो ते पायाला शिकवा. मग डावे पेडल, न वाजवता, नुसते ऐकण्यासाठी. जोरकस जागा शेवटी, आणि त्याही थोड्या. कोणीतरी ओळखीचे, निदान तालमीला आलेला एखादा संगीतज्ञ, सभागृहाच्या मागच्या बाजूला उभा करून डाव्या हाताचा आवाज उजव्याला झाकतो का, एवढेच विचारा. रिकाम्या सभागृहात घुमणारा आवाज श्रोते बसल्यावर कोरडा होतो, याची जाणीव ठेवून पेडलचा हिशोब करा.

तंत्रज्ञाशी बोलताना तक्रार करू नका, दोन-तीन नेमक्या गोष्टी सांगा: मधल्या सप्तकातला अमुक स्वर टोचतो आहे, वरचे सप्तक थोडे उजळ हवे आहे, पेडल कुरकुरते आहे. नमद्यावर सुईने काम करायला किंवा यंत्रणा जुळवायला त्याला वेळ लागतो, म्हणून तुमचा सराव त्याच्या कामाच्या आधी ठेवावा अशी आयोजकांना आधीच विनंती करा. त्याचे नाव विचारा, वहीत लिहा आणि कार्यक्रमानंतर त्याचे आभार माना.

कंडक्टर आणि वाद्यवृंद

तालमीची वेळ नेहमी कमी असते, कारण त्याच तालमीत सिंफनीही बसवायची असते. तुम्ही कोणत्या आवृत्तीतून वाजवता हे वाद्यवृंदाच्या ग्रंथपालाला काही आठवडे आधी कळवा, नाहीतर तुमच्या पानावरची तालमीची अक्षरे (कुठून सुरू करायचे ते सांगण्यासाठी छापलेल्या खुणा) आणि त्यांच्या पानांवरची अक्षरे जुळत नाहीत आणि पहिली दहा मिनिटे त्यातच जातात. कडेन्झा, म्हणजे वाद्यवृंद थांबल्यावर पियानोवादकाने एकट्याने वाजवायचा भाग, कोणाची वाजवणार तेही सांगा. मोझार्टच्या डी मायनर कॉन्चेर्तोसाठी (के. 466) त्याची स्वतःची कडेन्झा उपलब्ध नाही, बरेच जण बीथोव्हनची वाजवतात, काही स्वतःची; तुमची वेगळी असेल तर तिच्या शेवटच्या चार-सहा मापांची (तालाच्या लिहिलेल्या खंडांची) प्रत कंडक्टरकडे पाठवून द्या, कारण वाद्यवृंदाला आत घ्यायचे ते तेथेच.

कंडक्टरबरोबरच्या बैठकीत संपूर्ण रचना वाजवत बसण्याची गरज नसते. जिथे एकमेकांची चुकामूक होऊ शकते अशा पाच-सहा जागा निवडा. शूमानच्या कॉन्चेर्तोच्या शेवटच्या भागात दुसरा विषय (दुसरी मुख्य धून) येतो, तेव्हा लिहिलेले तीन ठोके कानाला दुप्पट लांब वाटतात आणि भलेभले वाद्यवृंद तिथे अडखळतात. तिथे कंडक्टर हात कसा चालवणार हे आधीच पाहून घ्या. बीथोव्हनच्या चौथ्या कॉन्चेर्तोची सुरुवात तुम्ही एकटेच करता, त्यामुळे वाद्यवृंद ज्या गतीने उत्तर देणार ती तुम्हीच ठरवलेली असते. शोपँच्या ई मायनरमध्ये याच्या उलट, पियानो येण्याआधी वाद्यवृंद 138 मापे वाजवतो, आणि तेवढा वेळ हात थंड न होऊ देता कसे बसायचे हेसुद्धा घरी सराव करण्यासारखे आहे. या जागांखेरीज जे काही असेल ते तालमीत कान उघडे ठेवून निभते. तुमच्या ओळीला ओबो किंवा क्लॅरिनेट उत्तर देत असेल, तर त्या वादकाकडे बघा. वाद्यवृंदातले लोक आपापसांत बोलतात, आणि पुन्हा कोणाला बोलावायचे याबद्दल त्यांचे मत विचारले जाते.

व्यवस्थापक, करार आणि उरणारे पैसे

व्यवस्थापक निवडताना संस्थेच्या नावापेक्षा तुमचे काम प्रत्यक्ष कोण पाहणार त्या माणसाला भेटा. त्याच्याकडे आणखी किती पियानोवादक आहेत, त्यांतले तुमच्याच वयाचे आणि तुमच्याच रचना वाजवणारे किती, आणि तीन वर्षांनंतर तुम्ही कुठे असावे असे त्याला वाटते, हे विचारा. ऐकताना तो तुमच्या वाजवण्याबद्दल बोलतो की फक्त पारितोषिकाबद्दल, याकडे लक्ष द्या.

करारातल्या चार गोष्टी वकिलाकडून तपासून घ्या. कमिशन किती आणि कशावर: शास्त्रीय संगीतात ते साधारण 15 ते 20 टक्के असते आणि बहुधा एकूण मानधनावर, खर्च वजा जाता उरलेल्यावर नव्हे. कराराचे क्षेत्र कोणते, एक देश की सारे जग. मुदत किती आणि ती आपोआप वाढते का. आणि करार संपल्यावर आधी ठरलेल्या कार्यक्रमांचे कमिशन किती काळ द्यावे लागेल. ओळखीच्या मंडळींत असे कलह मी पाहिले आहेत. जवळपास प्रत्येक वेळी मूळ या शेवटच्या कलमातच होते.

करांचे गणित फार लवकर समजून घ्यावे. देशांमधल्या बहुतेक करविषयक करारांनुसार कलाकाराच्या मानधनावर जेथे कार्यक्रम झाला त्या देशाला कर घेता येतो, आणि तो बऱ्याचदा मानधन देतानाच कापला जातो. अमेरिकेत परदेशी कलाकाराच्या एकूण मानधनातून नियमाने 30 टक्के कापले जातात, जर आधी अर्ज करून कमी दर मंजूर करून घेतला नसेल तर. म्हणजे मानधनाचे शंभर भाग धरले, त्यातले वीस कमिशनचे आणि तीस कराचे गेले, तर पन्नास उरले, आणि प्रवास आयोजकांनी दिलेला नसेल तर तोही त्यातूनच. कापलेल्या कराचे प्रमाणपत्र प्रत्येक वेळी मागून घ्या. आपल्या देशात विवरणपत्र भरताना त्याची वजावट मिळू शकते, आणि कागद नसेल तर बहुधा मिळत नाही. व्हिसाचेही तसेच. युरोपातल्या शेंगेन क्षेत्रात (सामाईक व्हिसा असलेल्या देशांत) अल्पमुदतीच्या व्हिसावर 180 दिवसांत 90 दिवसच राहता येते, आणि मैफलीच्या धावपळीत ते दिवस कधी संपले हे कळत नाही. दिवसांची मोजणी वहीत ठेवा.

हात

लिऑन फ्लायशर यांनी 1952 मध्ये ब्रुसेल्सची क्वीन एलिझाबेथ स्पर्धा जिंकली आणि पुढच्या दशकभरात ते अमेरिकेतल्या आघाडीच्या वादकांत गणले जाऊ लागले. 1960 च्या दशकाच्या मध्यावर त्यांच्या उजव्या हाताची चौथी आणि पाचवी बोटे आपोआप आत वळू लागली. हा फोकल डिस्टोनिया नावाचा विकार होता, आणि त्याचे निदान व्हायलाच पुष्कळ वर्षे गेली. दरम्यान त्यांनी डाव्या हातासाठीच्या रचना वाजवल्या, संचालन केले, शिकवले, आणि दोन्ही हातांनी नियमित वाजवायला ते परतले ते 1990 च्या दशकात. प्रत्येक दुखणे असे नसते. पण दुखत असताना वाजवत राहण्याची सवय विजेत्यांना स्पर्धेतच लागलेली असते, आणि ती मोडली पाहिजे. बधिरपणा, मुंग्या, एखादे बोट ऐकेनासे होणे, रात्री जागे करणारी वेदना यांतले काही जाणवले तर त्या आठवड्यातच संगीतकारांवर उपचार करण्याचा अनुभव असलेल्या डॉक्टरांकडे जा आणि कार्यक्रम रद्द करा. दिवसाच्या सरावाचे तुकडे करा, पाऊण तासानंतर उठा, आणि प्रवासाच्या दिवशी न वाजवता केवळ नोटेशन वाचून पाठांतर करण्याची सवय लावून घ्या. विमानात बसल्या जागी एक पूर्ण सोनाटा मनातल्या मनात वाजवता येतो.

दुसरी स्पर्धा द्यावी का

पहिले पारितोषिक मिळाले नाही त्यांच्यासाठी हा प्रश्न अधिक निकडीचा असतो. लीड्सच्या 1975 च्या स्पर्धेत मित्सुको उचिदा दुसऱ्या आल्या आणि आंद्राश शिफ तिसऱ्या क्रमांकात वाटेकरी होते; आल्फ्रेड ब्रेंडेल 1949 च्या बुसोनी स्पर्धेत चौथे होते. 1980 मध्ये इवो पोगोरेलिच वॉर्साच्या अंतिम फेरीत पोहोचू शकले नाहीत आणि त्या निर्णयाच्या निषेधार्थ आर्गेरिच यांनी परीक्षक मंडळ सोडले. दुसरीकडे एरिक लू 2015 मध्ये शोपँ स्पर्धेत चौथे आले, 2018 मध्ये लीड्स जिंकले आणि 2025 मध्ये पुन्हा वॉर्साला जाऊन पहिले आले. तेव्हा परत जाण्यात काहीही कमीपणा नाही. पण जाण्याआधी पाहा की तुमच्याकडे आधीच मैफली आहेत का, आणि स्पर्धेच्या तयारीचे आठ-दहा महिने त्या मैफलींना नवे काही देणाऱ्या रचनांतूनच जातील का. तसे असेल तर जा. केवळ मागच्या निकालाचे शल्य काढण्यासाठी जाऊ नका.

वहीतली नोंद

प्रत्येक कार्यक्रमानंतर, झोपण्याआधी किंवा परतीच्या गाडीत, वहीचे एक पान भरा. तारीख, सभागृह, कोणता पियानो, त्याच्या कोणत्या पट्ट्या त्रास देत होत्या, तंत्रज्ञाचे नाव, कंडक्टर, कोणत्या जागी चुकामूक झाली, जादा रचना कोणत्या वाजवल्या, बैठकीची उंची, सभागृहातला गारवा, आणि तेथे बोलावणाऱ्या माणसाने कशाबद्दल उत्साहाने विचारले. पंधरा मिनिटांचे काम आहे. दोन-अडीच वर्षांनी त्याच गावाचे पत्र पुन्हा येईल तेव्हा हे पान काढा, गेल्या वेळी वाजवलेले सर्व बाजूला ठेवा, पहिल्या आणि दुसऱ्या रकान्यातल्या तीन वेगळ्या रचना उत्तरात सुचवा, आणि सरावाचा तास तंत्रज्ञाच्या वेळेआधी मिळावा अशी विनंती त्याच पत्रात करा.